राबाची धग, चिखलातली गोळी

मुंबईत पारा किती चढला, पाऊस किती पडला, हे सांगताना सांताक्रूझ वेधशाळेचा आकडा हमखास दिला जातो. विमानतळ आणि वसाहती येण्याआधी कोळेकल्याण, वाकोल्याच्या या भागात भातखाचरं होती. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि उत्तर कोकणातल्या भातशेतीची सुरुवात पावसाने नव्हे, आगीने होई.

मार्च-एप्रिलमध्ये रोपाच्या जागेवर शेण, त्यावर ऐनाचे टहाळ, मग गवत-पातेरा आणि वर बारीक मातीचा थर, असा राब रचला जाई. तो वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचा, म्हणजे भडका न होता माती सावकाश भाजते. राबाशिवाय रोप जोमाने येत नाही, ही शेतकऱ्याची पक्की खात्री होती. जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधनं आणली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात असंतोष उसळला आणि 1885 साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्या वादाच्या गाभ्याशी होता.

अडाणी उधळपट्टी म्हणून हिणवलेल्या या रीतीचा कसून अभ्यास झाला तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी 1912 मध्ये राबावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मातीला मिळणारी उष्णता हा राबाच्या गुणाचा मोठा भाग आहे, राख हे सगळं उत्तर नाही, असं त्यातून पुढे आलं. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन तेव्हा तापवलेल्या मातीवरच काम करत होते. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू नाजूक असतात, ते उष्णतेने मरतात. सेंद्रिय पदार्थांतून अमोनिया मोकळा करणारे काही जिवाणू मात्र बीजाणूंच्या रूपाने तगतात. त्यामुळे भाजलेल्या मातीत अमोनिया साठतो, आणि भाताला नत्र याच रूपात मानवतं. शिवाय तणाचं बी जळतं, ते वेगळंच. ज्याला शेतकरी ‘जमीन भाजणं’ म्हणे, त्यात एवढं रसायन होतं.

पुढे शेणाची जागा युरियाने घेतली. 1965 मध्ये तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला. 1978 पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आहे. ‘उज्ज्वला’ युरिया आणि ‘सुफला’ ही नावं महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत पोचली. पोतं आलं, पण खत घालायची रीत मुठीने फेकण्याचीच राहिली. खरं नुकसान तिथेच होतं.

नायट्रेट तयार करणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 35 अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवतं. अमेरिकेच्या मका पट्ट्यात शरद ऋतूत अमोनिया देणारे शेतकरी माती 10 अंशांखाली उतरेपर्यंत थांबतात. थंडीच तिथे लगाम घालते. आपल्याकडे असा लगाम नाही. सांताक्रूझला जुलैत पारा बहुधा 25 ते 30 अंशांत फिरतो आणि त्या महिन्याचा सरासरी पाऊस 800 मिलिमीटरच्या वर जातो. खाचरात फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. काहीचं वरच्या पातळ, हवेशीर थरात नायट्रेट होतं. ते मातीच्या कणांना चिकटत नाही; पाण्याबरोबर निघून जातं, किंवा खालच्या प्राणवायूविरहित चिखलात वायू बनून निसटतं. पिकाच्या वाट्याला बऱ्याचदा निम्म्याहून कमी नत्र येतं.

जपानमध्ये मात्सुसाबुरो शिओइरी यांनी भातखाचरातली ही गळती उलगडून दाखवली होती. उपाय सरळ होता: अमोनियाचं खत खालच्या चिखलात पुरा, तिथे प्राणवायू नाही म्हणून नायट्रेटच होत नाही. कोकणात तो रुजवायचं मोठं काम डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ पद्धतीने केलं. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी, आणि चौथं सूत्र युरिया-डीएपीची गोळी. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासची एक गोळी चार चुडांच्या मध्ये, 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही ‘कोकण अन्नपूर्णा’ ब्रिकेट दिली. 2015 पासून देशी युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, पण फेकलेलं खत वरच राहतं.

मग गोळी सर्वत्र का पोचली नाही? हेक्टरी सुमारे 62,500 गोळ्या वाकून, एकेक करून हाताने दाबाव्या लागतात, आणि लावणीच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत. कोकणच्या लहान, पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत चालेल असं स्वस्त, हलकं यंत्र घडवून ते गावोगाव पोचवणं, हे काम कृषी विद्यापीठांनी आणि खत कारखान्यांनी मिळून आता अंगावर घ्यायला हवं.