झरियाची आग आणि कागद नसलेली माणसे

दर 14 एप्रिलला आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक पोस्ट फिरते. मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय काय केले, त्याची यादी. आम्हीही ती पुढे पाठवतो. पण आठ-दहा मुद्द्यांची ती यादी वाचून झाली की आपण थांबतो. ते कायदे कोणत्या माणसांसाठी होते, ती माणसे आज कुठे आहेत, हे आपण विचारत नाही. आज तेच विचारू.

डिसेंबर 1943 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर मंत्री या नात्याने बाबासाहेब धनबाद भागातील कोळसा खाणी पाहायला गेले. जमिनीखाली उतरून त्यांनी काम कसे चालते ते पाहिले. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. विकल्या जाणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा कामगारांची घरे, पाणी, दवाखाना, शिक्षण यांवर खर्च करायचा, अशी ती व्यवस्था होती.

बाबासाहेब तिथे गेले तेव्हा झरियाची जमीन पेटून 27 वर्षे झाली होती. तिथली आगीची पहिली नोंद 1916 सालची, भौरा खाणीतली. ती आग अजून विझलेली नाही.

ही आग लागली कशी? अनेकांना वाटते, निसर्गाचा कोप. अजिबात नाही. कोळशाला हवा लागली की तो हवेतला प्राणवायू शोषतो आणि हळूहळू तापतो. ती उष्णता बाहेर पडायला वाट नसली तर एक दिवस तो आपोआप पेट घेतो. हे खाणमालकांना चांगले ठाऊक होते. जमिनीखाली बोगदे खणायचे आणि छत पडू नये म्हणून मधेमधे कोळशाचेच खांब उभे ठेवायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. कोळसा काढून झाला की पोकळीत वाळू भरायची, म्हणजे हवा खेळत नाही आणि वरची जमीन खचत नाही. पण वाळूला खर्च येतो आणि खांबातल्या कोळशाला भाव येतो. म्हणून खासगी मालकांनी वाळू भरली नाही, उलट जाता जाता खांबही काढून नेले. सरकारला 1939 मध्ये वाळू भरण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनीही मांडले होते. म्हणजे उपाय माहीत होता, कायदाही होता. नफ्यापुढे तो पुरा पडला नाही.

आता जमिनीकडे येऊ. कारण आमच्या मते झरियाचा खरा प्रश्न आगीपेक्षा जमिनीचा आहे.

कायमधारा पद्धतीत झरियाची जमीन राजाची, म्हणजे जमीनदाराची. त्याने ती खाण कंपन्यांना भाड्याने दिली. खाली उतरून कोळसा फोडणारे कोण होते? संथाळ, बाउरी, भुईया, रजवार, तुरी. म्हणजे आदिवासी आणि अस्पृश्य. पुरुष कोळसा फोडायचा, त्याला मलकट्टा म्हणत. त्याची बायको तो टोपलीत भरून वाहायची, तिला कामिन म्हणत. राहायला धौडा, म्हणजे कंपनीची कोंदट चाळ. मजूर पळून जाऊ नयेत म्हणून झरिया, राणीगंज, गिरिडीह या पट्ट्यात कंपन्यांनी आणखी एक युक्ती केली. खाणीलगतची जमीन मजुराला कसायला द्यायची, पण अट अशी की घरातल्या माणसांनी खाणीत काम केले पाहिजे. काम सोडले की जमीन गेली.

मित्रांनो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना? महार वतन आठवा. जमिनीचा तुकडा हातात आणि गावकीची गुलामगिरी मानेवर. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. ज्या जमिनीसाठी माणसाला माणूसपण गहाण ठेवावे लागते, ती जमीन म्हणजे बेडी, हे त्यांनी आपल्याला शिकवले. पण वतनाचा निदान कागद होता. वतने खालसा झाल्यावर त्या कागदाच्या जोरावर काही लोकांना तरी हक्क मागता आला. धौड्यात जन्मलेल्या मजुराजवळ कोणता कागद होता?

1971-72 मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. झरियातील बहुतेक खाणी भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीकडे आल्या. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी 1947 मध्येच ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मांडले होते. त्यामुळे राष्ट्रीयीकरणाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण त्याच निवेदनात ते नागरिकांच्या मूलभूत हक्कांविषयीही बोलत होते. इथे मालक बदलला, माणसाचा दर्जा बदलला नाही. काल तो कंपनीच्या जागेवर राहणारा मजूर होता, आज तो सरकारी कंपनीच्या जागेवर अतिक्रमण करणारा झाला. त्यातच उघड्या खाणी वाढल्या. वरून खोदत जाताना जुने बोगदे उघडे पडतात आणि आगीला नवी हवा मिळते.

मे 2017 मध्ये झरियात एक बाप आणि त्याचा लहान मुलगा भर वस्तीत खचलेल्या जमिनीत गडप झाले. पुढच्याच महिन्यात धनबाद-चंद्रपुरा रेल्वेमार्ग आगीच्या भीतीने बंद केला. तो मार्ग 2019 मध्ये पुन्हा सुरू झाला. रेल्वेचा प्रश्न पावणेदोन वर्षांत सुटतो. माणसांचा का सुटत नाही?

खासदार हराधन रॉय 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून पुढे 2009 मध्ये केंद्राने झरियासाठी 7,112 कोटींची पुनर्वसन योजना मंजूर केली. सर्वेक्षणात सुमारे 1 लाख 4 हजार कुटुंबे धोक्यात असल्याचे आढळले. त्यांचे दोन गट केले. मालकीचा कागद असलेली सुमारे 32 हजार, कागद नसलेली सुमारे 73 हजार. योजनेची मुदत 2021 मध्ये संपली, काम अर्धवटच राहिले. जून 2025 मध्ये 5,940 कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात दोन्ही गटांना उपजीविकेसाठी 1 लाखाची मदत आणि 3 लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. हे पाऊल पुढचे आहे, ते मान्य करू. सरकारी आकड्यांप्रमाणे आगीचे क्षेत्रही 8.9 चौरस किलोमीटरवरून 1.8 वर आले आहे. आग आकसली, पण दोन गटांमधली रेघ तशीच राहिली.

कोणी म्हणेल, लोकांचा जीव वाचवायचा तर हलवलेच पाहिजे. बरोबर. धुरात आणि भेगांवर कोणी हौसेने राहत नाही. आमचा वाद हलवण्याशी नाही, कोणत्या अटीवर हलवता याच्याशी आहे. बेलगढिया वसाहतीत खोली मिळते, पण रोजगार झरियात राहतो. आणि ज्या जमिनीवरून लोक उठतात तिच्याखाली देशातला उत्तम कोकिंग कोळसा आहे. मग लोकांना शंका आली की आपल्याला आगीसाठी उठवतात की कोळशासाठी, तर त्यांना दोष कसा देणार?

2013 चा भूसंपादन कायदा ‘बाधित कुटुंब’ कोणाला म्हणतो ते वाचा. जमिनीची मालकी नसलेले, पण तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरणारे कुटुंबसुद्धा त्यात येते. 2015 पासून भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी कोळसा क्षेत्र संपादनाच्या 1957 च्या कायद्यालाही लागू झाल्या. मात्र जी जमीन आधीच कंपनीकडे गेली, तिथे नवे संपादनच नाही म्हटले की हा हक्क हवेत राहतो. तीन पिढ्या राबलेल्या कुटुंबाला मिळते ती मदत, हक्क नव्हे. आंबेडकरी माणसाला या दोन शब्दांतला फरक समजावून सांगायची गरज नाही.

आणि हे दूर झारखंडातले आहे असे समजू नका. ऑगस्ट 2022 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. आमच्या कामात आम्ही वस्त्यांच्या सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेतो. ‘जागेचा पुरावा’ या रकान्यापाशी आजीबाई थांबतात आणि आमच्याकडे बघतात. चाळीस वर्षांचा संसार, आणि रकाना कोरा.

म्हणून कोळसा पट्ट्यातल्या आपल्या तरुणांना सांगणे एवढेच. वीजबिल, मतदारयादी, शाळेचा दाखला, वडिलांची हजेरीची चिठ्ठी, कल्याण निधीची पावती, जे असेल ते आजच गोळा करा. ग्रामसभेत, नगरपरिषदेत नोंदी मागा, माहितीचा अधिकार वापरा. आणि पुढच्या 14 एप्रिलला ती पोस्ट पाठवताना तिच्यात एक ओळ वाढवा: ज्यांना भेटायला बाबासाहेब खाणीत उतरले, त्यांच्या नातवंडांना आज सरकारी कागदावर ‘बिगर-हक्कदार’ म्हणतात.

जय भीम!