मराठी स्थलांतरित आणि कृष्णवर्णीयांविषयीची मते

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे तेथील कृष्णवर्णीयांविषयीचे मत दोन गोष्टींतून घडते: गावाकडून नेलेल्या समजुती आणि तेथे वाट्याला आलेले स्थान. गावाकडच्या शिदोरीत इतिहास कमी आणि गोऱ्या रंगाची ओढ अधिक असते. उदाहरणार्थ, बारामती तालुक्यातले सुपे ही शहाजीराजांची जहागीर. १६२४ साली भातवडीला शहाजीराजे लढले ते मलिक अंबरच्या बाजूने. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी तेव्हा निजामशाहीचा कर्ताधर्ता होता. हे शाळेत शिकलेले परीक्षेनंतर विसरले जाते. लग्नाच्या बैठकीत ऐकलेले ‘मुलगी गोरी आहे ना?’ मात्र जन्मभर पुरते.

रंगाला जातीची जोड मिळते. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, असा दावा पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांनी केला होता. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भारतीयांना नागरिकत्वाची वाट बंद झाली. गोऱ्यांच्या पंगतीत पाट मागण्याची ही वृत्ती मराठी मंडळींनाही परकी नाही.

१९४६ साली नागरिकत्व मिळू लागले, तरी प्रवेशाचा वार्षिक कोटा नाममात्रच होता. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा रेटा होता. डॉक्टर, इंजिनिअर निवडून घेतले गेले. त्यांनी चांगल्या शाळांच्या उपनगरांत घरे घेतली. कृष्णवर्णीय शेजारी क्वचितच लाभला, टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या बातम्या मात्र रोज. ‘आम्ही कष्टाने वर आलो, यांना का जमू नये?’ असे विचारणारा व्हिसाची चाळणी सोयीस्करपणे विसरतो. राज्यशास्त्रज्ञ क्लेअर जीन किम यांनी १९९९ साली दाखवले की आशियाई लोकांचे कौतुक कृष्णवर्णीयांना कमी लेखण्यासाठी होते, आणि तरीही त्यांना परकेच ठरवले जाते.

याला छेद देणारी मराठी परंपराही आहे, पण तिचा उगम महाराष्ट्रातल्या जातिविरोधी लढ्यात आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या; अस्पृश्यांसाठीही तसेच काही करण्याचा त्यांचा विचार होता.