नियोजकाची पात्रता: परवाना कशाचा?

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. व्यवहार सुमारे 65 कोटींचा होता. आजच्या या छत्रपती संभाजीनगरात पैसा आहे, यात शंका नाही. त्याचे नियोजन करून देणाऱ्याची पात्रता मात्र फारसे कोणी विचारत नाही.

‘फायनान्शियल प्लॅनर’ अशी पाटी लावणारे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. विमा एजंट दहावी पास असला आणि विम्याची परीक्षा उत्तीर्ण झाला की पुरते. म्युच्युअल फंड वितरकाला एनआयएसएम या रोखे बाजार प्रशिक्षण संस्थेची ‘पाच-अ’ परीक्षा द्यावी लागते. 50 टक्क्यांना उत्तीर्ण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मग ‘ॲम्फी’ या म्युच्युअल फंडांच्या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी क्रमांक मिळतो. दोघांचेही उत्पन्न कमिशनचे.

तिसरा म्हणजे सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार. 2013 च्या नियमांखाली तो ग्राहकाकडून फी घेतो. त्याला ‘दहा-अ’ आणि ‘दहा-ब’ अशा दोन परीक्षा, प्रत्येकी 60 टक्के, आणि चुकीच्या उत्तराला गुणवजावट. 2020 मध्ये सेबीने पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव मागितला. अट इतकी जड झाली की देशभरात असे सल्लागार हजाराच्या आसपासच राहिले. डिसेंबर 2024 मध्ये पदवी पुरेशी ठरली, अनुभवाची अट गेली, नक्त मालमत्तेच्या जागी अनामत आली: 150 ग्राहकांपर्यंत एक लाख. म्हणजे विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला बी.कॉम.सुद्धा आता अर्ज करू शकतो. मला ही सूट योग्य वाटते. पदव्युत्तर पदवीने प्रामाणिकपणा येत नाही.

सीएफपीचे, म्हणजे ‘सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर’चे, प्रमाणपत्र यांहून वेगळे. त्यात शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि आचारसंहिता या चारही गोष्टी येतात, निवृत्ती, कर, वारसा असा सगळा संसार शिकवला जातो. अभ्यास म्हणून ते उत्तमच. पण गुंतवणुकीच्या सल्ल्याची फी घेण्याचा हक्क त्याने मिळत नाही. त्यासाठी सेबीची नोंदणीच लागते. सीएला स्वतःच्या व्यवसायाच्या ओघात सल्ला देण्याची मुभा आहे, तेवढीच.

परीक्षांपेक्षा निर्णायक अट दुसरीच आहे. वैयक्तिक नोंदणी असलेल्या सल्लागाराला कमिशनवर वितरण करता येत नाही. अडचण इथेच येते: निराला बाजार किंवा सिडकोतला ग्राहक फुकट मिळणाऱ्या सल्ल्याला सरावलेला, आणि त्या फुकट सल्ल्याचे मोल पॉलिसीच्या हप्त्यातून जाते हे त्याला कोणी दाखवलेले नसते. म्हणून कार्डावरचा क्रमांक वाचावा. आयएनएने सुरू झाला तर सल्लागार, एआरएन असेल तर वितरक. दोन्ही नसतील, तर विम्यापलीकडे बोलण्याचा अधिकार कशाच्या जोरावर, हे विचारावे.