स्नानगृह, कौटुंबिक
स्नानगृह, कौटुंबिक : राहत्या घरात कुटुंबातील सर्वांच्या स्नानासाठी, हातपाय व तोंड धुण्यासाठी आणि आधुनिक काळात बहुधा शौचासाठीही योजलेली जागा. मराठीत तिला मोरी, न्हाणी, न्हाणीघर अशी नावे आहेत. त्यांपैकी ‘मोरी’ हा शब्द सांडपाण्याची वाट आणि धुण्याची जागा अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे, ही गोष्ट सूचक होय. घराच्या आराखड्यातील स्नानगृहाचे स्थान पाणी कोठून येते याइतकेच ते कोणत्या वाटेने बाहेर जाते यावरही ठरत आले आहे. शौचकूपाचे स्थान ठरविताना मैला कोण वाहून नेणार, या प्रश्नाचाही त्यात मोठा वाटा होता.

सिंधू संस्कृतीच्या नगरांत (इ. स. पू. सु. २६००–१९००) याचे प्राचीन उदाहरण आढळते. मोहें-जो-दडो येथील अनेक घरांत भाजक्या विटांची घट्ट सांध्यांची फरसबंदी असलेली लहान स्नानाची खोली होती. तिच्या जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असे आणि तेथून पाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारात जाई. ही खोली बहुधा रस्त्याच्या बाजूच्या भिंतीलगत असे. त्यामुळे घरातील नळीची लांबी कमी होई. वरच्या मजल्यावरचे पाणी खाली आणण्यासाठी काही ठिकाणी भाजक्या मातीच्या नळ्याही वापरलेल्या दिसतात.

महाराष्ट्रातील पारंपरिक घरांत स्नान व शौच यांच्या जागा एकत्र नसत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरी भांडी घासण्यासाठी आणि प्रसंगी स्नानासाठीही वापरली जाई. ऐपतदार घरांत मागील बाजूस विहिरीजवळ स्वतंत्र न्हाणीघर असे. चुलीवरील हंड्यात किंवा तांब्याच्या बंबात पाणी तापवून ते घंगाळात विसणले जाई. कोकणात न्हाणीचे पाणी परसातील केळी व अळू यांना सोडण्याची रीत होती. स्नान ही शुचितेची, तर शौच ही अशुचितेची बाब मानल्यामुळे शौचकूप मात्र वास्तूपासून शक्य तितका दूर ठेवण्यात येई. शहरात असे अंतर मिळणे अशक्य झाले, तेव्हा घराच्या पाठीमागे टोपलीचे संडास बांधण्यात आले. त्यांच्या मागच्या बाजूने अरुंद गल्ली ठेवीत. जातीने लादलेले हे काम करणाऱ्या सफाई कामगाराने घरात पाऊल न ठेवता मैला काढून न्यावा, हा त्या गल्लीचा हेतू होता. अशा रीतीने समाजातील विषमता घराच्या नकाशात प्रत्यक्ष आखली गेली होती.

शौचकूप घरात आणणे शक्य झाले, ते जलबंधामुळे. नळीच्या वाकलेल्या भागात थोडे पाणी कायम साठून राहते आणि गटारातील दुर्गंधियुक्त वायूंना अडवून धरते. अशा वाकलेल्या नळीचा शौचकूप योजून अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये लंडनमध्ये त्याचे एकस्व घेतले. तथापि नळाचे पुरेसे पाणी व भूमिगत गटारे यांची जोड मिळेपर्यंत हे साधन थोड्या श्रीमंतांपुरतेच मर्यादित राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जोड मिळाली, चिनी मातीची एकसंध भांडी स्वस्त झाली आणि टब, हात धुण्याचे भांडे व शौचकूप एकाच खोलीत मांडण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली. तिन्ही साधनांना एकाच भिंतीतील नळ पुरत असल्याने ही मांडणी काटकसरीची ठरली.

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये आले. चाळींतून खोलीत मोरी व मजल्याच्या टोकाला सामाईक संडास अशी रचना होती. सकाळच्या रांगा हा तेथील जीवनाचा भाग बनला. १९३० च्या दशकात दादर-माटुंगा भागात उभ्या राहिलेल्या मध्यमवर्गीय सदनिकांत स्नानगृह व शौचकूप बिऱ्हाडाच्या आत आले. तरीही ती दोन्ही वेगळी ठेवण्याचा आग्रह दीर्घकाळ टिकला. सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. हाताने मैला उचलण्याची प्रथा कायद्याने बंद करण्यास मात्र १९९३ साल उजाडले. त्यानंतर २०१३ मध्ये अधिक व्यापक कायदा करण्यात आला.

मांडणीची तत्त्वे : नव्या घरात स्नानगृहाची जागा प्रथम पाणी व सांडपाण्याच्या उभ्या नळांच्या संदर्भात निश्चित करतात. स्वयंपाकघर व स्नानगृह शेजारी आणि मजल्यांवरील स्नानगृहे एकावर एक घेतल्यास नळांची लांबी कमी होते व गळती शोधणे सोपे जाते. भारतीय राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार स्नानगृहाचे क्षेत्रफळ किमान १.८ चौ. मी., शौचकूपाचे १.१ चौ. मी. आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौ. मी. लागते. एक भिंत बाहेरच्या हवेकडे उघडणारी असावी आणि शौचकूपाचे दार स्वयंपाकघरात उघडू नये, असेही अपेक्षित असते.

एकत्र मांडणीत जागा व खर्च वाचतो. परंतु एक व्यक्ती आत असताना इतरांची अडचण होते. म्हणून चार-पाच माणसांच्या कुटुंबात शौचकूप वेगळा आणि हात धुण्याचे भांडे बाहेर ठेवणे सोयीचे ठरते. जपानी घरांतही टबाची खोली व शौचकूप बहुधा अलग असतात. एकत्र मांडणीत ओला भाग दारापासून दूर घेऊन जमिनीचा उतार त्याच्याकडे ठेवतात, म्हणजे दाराजवळची फरशी कोरडी राहते. अलेक्झांडर किरा यांनी द बाथरूम (१९६६) या अभ्यासग्रंथात साधनांची रचना मानवी शरीराच्या मापांवरून व हालचालींवरून ठरविण्याचा आग्रह धरला. वृद्धांसाठी भिंतीत दांडी, न घसरणारी फरशी व बाहेरूनही उघडता येणारी कडी आवश्यक असते. चाकांच्या खुर्चीला वळण्यासाठी सु. १.५ मी. व्यासाची मोकळी जागा लागते.

भूमिगत गटार नसलेल्या ठिकाणी मलकुंडाची जागाही याच आराखड्यात ठरवावी लागते. उपसा करणाऱ्या गाडीची नळी तेथवर पोहोचत नसेल, तर कुंडात माणूस उतरविण्याचा प्रसंग येतो. अशा कुंडांतील विषारी वायूंनी अनेक कामगारांचे बळी घेतले असून, २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाकडून मलकुंड साफ करून घेण्यास बंदी केली आहे. यास्तव मलकुंडाचे झाकण रस्त्यालगत, सहज उघडता येईल असे ठेवणे हा स्नानगृहाच्या मांडणीचाच भाग समजला पाहिजे.