'सुवर्ण तास' या संकल्पनेचा इतिहास : डॉ. आर. अ‍ॅडम्स काउली यांचे आघातविषयक संशोधन व त्याची चिकित्सा

बीजसंज्ञा : आघात-उपचार, शॉक, सुवर्ण तास, तातडीची वैद्यकीय सेवा, मेरीलँड, मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम २०१९

प्रस्तावना

भारतीय संसदेने २०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियमात ज्या सुधारणा केल्या, त्यांत 'गोल्डन अवर' म्हणजेच 'सुवर्ण तास' या संज्ञेच्या व्याख्येचा समावेश करण्यात आला. गंभीर दुखापतीनंतरच्या एका तासात त्वरित वैद्यकीय उपचार मिळाल्यास मृत्यू टाळण्याची शक्यता सर्वाधिक असते, असा या व्याख्येचा आशय आहे. वैद्यकशास्त्रातील एखादी संज्ञा कायद्याच्या भाषेत येते तेव्हा तिला प्रमाणित सत्याचा दर्जा मिळाल्यासारखे होते. तिचा उगम कोठे झाला, तिच्यामागे कोणते संशोधन होते आणि ते पुढील कसोट्यांवर कितपत टिकले, हे प्रश्न मग सहसा विचारले जात नाहीत.

ही संज्ञा ज्यांच्या नावाशी जोडली जाते, ते अमेरिकन शल्यविशारद डॉ. आर. अ‍ॅडम्स काउली (१९१७-१९९१) यांच्या संशोधन-कारकिर्दीचा परामर्श घेऊन 'सुवर्ण तास' या संकल्पनेचे ऐतिहासिक मूल्यमापन करणे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

पूर्वपीठिका

जखमी माणसाला लवकर हलविले तर तो वाचण्याची शक्यता वाढते, ही जाणीव रणांगणावर जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फ्रेंच सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक जाँ लारे यांनी घोड्यांच्या हलक्या गाड्यांची वेगवान रुग्णवाहिका-व्यवस्था उभी केली. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) जखमींना हेलिकॉप्टरने नेण्यास मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली आणि व्हिएतनाम युद्धात ही पद्धत अधिक विकसित झाली.

नागरी जीवनात मात्र अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये अपघाती मृत्यू व अपंगत्व यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात आघाताला आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग म्हटले होते. १९६५ या एका वर्षात अमेरिकेत अपघातांमुळे १,०७,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ४ लाखांना कायमचे अपंगत्व आले, असे त्या अहवालात नमूद आहे. अनेक गावांत रुग्णवाहिका म्हणून अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकांचीच वाहने वापरली जात असत. काउली यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

हृदयशल्यक्रियेकडून शॉकच्या अभ्यासाकडे

यूटा राज्यातील लेटन येथे जन्मलेल्या काउली यांनी १९४४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी अमेरिकन लष्करात शल्यविशारद म्हणून युरोपात सेवा केली. पुढे बाल्टिमोर येथे छाती व हृदयाच्या शल्यक्रियेत त्यांनी नाव मिळविले. शल्यक्रिया तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होऊनही काही रुग्ण नंतर दगावतात, असा त्यांचा अनुभव होता. त्याच्या कारणाचा शोध त्यांना 'शॉक' या अवस्थेकडे घेऊन गेला.

वैद्यकीय परिभाषेत शॉक म्हणजे मानसिक धक्का नव्हे. रक्तस्राव वा अन्य कारणाने रक्ताभिसरण अपुरे पडते, पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो, शरीरात आम्ल साचू लागते आणि एकामागून एक अवयव निकामी होत जातात, ती ही अवस्था होय. रक्तदाब पूर्ववत झाला तरी पेशींची झालेली हानी भरून निघेलच असे नाही. काउली यांची प्रतिपादनाची दिशा येथे निश्चित झाली. रुग्णाचा मृत्यू काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होत असला, तरी त्याचे बीज दुखापतीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत पडलेले असते, असे त्यांचे मत होते.

प्राण्यांवरील प्रयोगांतून हे मत सिद्ध करणे त्यांना पुरेसे वाटले नाही. मानवी शरीरातील शॉकचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकन लष्कराने त्यांना १ लाख डॉलरचा निधी दिला आणि १९६० च्या सुमारास दोन खाटांचा एक संशोधन कक्ष सुरू झाला. पुढे खाटांची संख्या चार झाली. रुग्णांच्या शरीरातील जैवरासायनिक बदलांचे तेथे अहोरात्र मोजमाप होत असे. परंतु इतर डॉक्टरांनी आशा सोडल्यावरच रुग्ण या कक्षात धाडले जात. त्यामुळे कक्षाला 'मृत्यूची प्रयोगशाळा' असे उपरोधिक नाव पडले. ही बाब संशोधनपद्धतीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. उशिरा आलेले रुग्णच पाहावयास मिळत असल्याने, उशीर हेच मृत्यूचे प्रमुख कारण आहे, असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते. मात्र वेळेवर आलेल्या रुग्णांशी तुलना केल्यावाचून तो निष्कर्ष पूर्ण होत नव्हता.

प्रयोगशाळेतून राज्यव्यवस्थेकडे

१९६९ मध्ये बाल्टिमोर येथे ३२ खाटांचे पाच मजली आघात-अभ्यास केंद्र उभे राहिले. केंद्र झाले तरी रुग्ण वेळेवर पोहोचत नव्हते. जखमीला सर्वांत जवळच्या रुग्णालयात नेण्याचा प्रघात होता. तेथे रात्री शल्यविशारद उपलब्ध आहे की नाही, रक्तपेढी आहे की नाही, याचा विचार होत नसे. जवळचे रुग्णालय ओलांडून योग्य रुग्णालयात न्यावे, हा काउली यांचा आग्रह त्यांच्या व्यवसायबंधूंना रुचला नाही. त्यात रुग्ण गमावण्याची भीती होती, तशीच स्वतःच्या कौशल्यावर अविश्वास दाखविला जात असल्याची भावनाही होती.

१९७० मध्ये मेरीलँड राज्य पोलिसांच्या हेलिकॉप्टरने अपघातस्थळावरून जखमींना आणण्यास सुरुवात झाली. एकच हेलिकॉप्टर पोलीस कामासाठी व रुग्णवहनासाठी वापरल्यामुळे खर्चाचा प्रश्न सुटला. काउली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये या योजनेवर प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात काटकसरीच्या मुद्द्यालाच अग्रस्थान दिले होते. त्याच वर्षी गव्हर्नर मार्विन मँडेल यांनी कार्यकारी आदेशाद्वारे तातडीच्या वैद्यकीय सेवेची राज्यस्तरीय संस्था स्थापन केली. संदेशवहन, प्रशिक्षित कर्मचारी, हेलिकॉप्टर, रुग्णालयांची श्रेणीरचना आणि मध्यवर्ती केंद्र यांची एक साखळी त्यातून तयार झाली. १९८९ मध्ये बाल्टिमोरच्या केंद्राला नवी इमारत लाभली; आज ते काउली यांच्याच नावाने ओळखले जाते.

या काळात 'सुवर्ण तास' ही शब्दयोजना काउली यांच्या भाषणांतून व लेखनातून रूढ झाली. विधिमंडळाला निधी मागताना वा वृत्तपत्रांशी बोलताना पेशींतील आम्लतेचे आलेख उपयोगी पडले नसते. साठ मिनिटांचा हिशेब मात्र कोणालाही समजत होता. या अर्थाने ही संज्ञा प्रयोगशाळेइतकीच सार्वजनिक व्यासपीठाची निर्मिती होती.

संकल्पनेची कसोटी

ही संज्ञा पाठ्यपुस्तकांत स्थिरावल्यावर अनेक वर्षे तिचे मूळ तपासले गेले नाही. २००१ मध्ये लर्नर व मॉस्काटी या अमेरिकन अभ्यासकांनी तिचे संदर्भ मागे मागे शोधत नेले. एक लेख दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, पण साठ मिनिटांच्या मर्यादेला आधार देणारी मूळ आकडेवारी कोठेच सापडत नाही, असे त्यांनी दाखविले. २०१० मध्ये न्यूगार्ड व सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील ३,६५६ गंभीर जखमींच्या नोंदींचे विश्लेषण केले. रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला वेळ आणि मृत्यू यांच्यात त्यांना लक्षणीय संबंध आढळला नाही.

यावरून वेळेला महत्त्व नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. अत्यवस्थ रुग्णासाठी रुग्णवाहिका-कर्मचारी अधिक घाई करतात. परिणामी कमी वेळ व अधिक मृत्यू हे नोंदींत एकत्र दिसू शकतात. अनियंत्रित रक्तस्राव असलेल्या जखमीला एक तासही मिळत नाही, तर साध्या अस्थिभंगाच्या रुग्णाला अनेक तासांचा विलंब सोसवतो. सर्व दुखापतींना एकच घड्याळ लावता येत नाही.

याउलट, काउली यांच्या विचाराचा दुसरा भाग कसोटीवर टिकला. २००६ मध्ये एलन मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १४ राज्यांतील १८ आघात-केंद्रे व ५१ अन्य रुग्णालये यांची तुलना प्रसिद्ध केली. रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण आघात-केंद्रांत ७.६ टक्के, तर अन्यत्र ९.५ टक्के होते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ मध्ये अफगाणिस्तानातील गंभीर जखमी सैनिकांना साठ मिनिटांत उपचारस्थानी नेण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वहनाचा मध्यक कालावधी ९० मिनिटांवरून ४३ मिनिटांवर आला आणि मृत्यूचे प्रमाणही घटले. मात्र त्या काळात वेगाबरोबर उपचारक्षमताही वाढली होती. वेग आणि सक्षम उपचार यांचा लाभ एकत्रितपणे मिळतो, हेच यातून सूचित होते.

भारतीय संदर्भ

भारतात २०२२ या वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक मृत्यू महाराष्ट्रातील होते. तातडीच्या उपचारांचा प्रश्न येथे प्रथम न्यायालयीन मार्गाने पुढे आला. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये जखमीवर तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. जखमीस मदत करणाऱ्या नागरिकांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये बंधनकारक झाली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांच्या योजनेसह सुरू झाली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली.

या क्रमात कर्तव्य, संरक्षण, वाहन आणि खर्च यांची तरतूद झाली आहे. परंतु काउली यांच्या व्यवस्थेचा गाभा असलेला प्रश्न, म्हणजे कोणत्या जखमीला कोणत्या रुग्णालयात न्यावे, हा केवळ कालमर्यादेने सुटत नाही. तासाभरात रुग्णालयाच्या दारात पोहोचलेल्या जखमीस तेथे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध नसेल, तर कायद्यातील तासाची पूर्तता होऊनही हेतू असफल राहतो. शिवाय अपघाताची वेळ पोलिसांच्या कागदपत्रांत, वहनाची वेळ रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात आणि उपचारांचा तपशील रुग्णालयाच्या दप्तरात राहिल्यास त्या तासाचा हिशेब मांडता येत नाही. या नोंदी एकत्र आणण्याच्या सरकारी प्रयत्नांचे महत्त्व येथे आहे.

निष्कर्ष

१. शॉकमधील हानी लवकर सुरू होते व ती भरून न येणारी ठरू शकते, हे काउली यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होते. साठ मिनिटांची निश्चित मर्यादा हा त्या संशोधनाचा मोजून सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हता.

२. 'सुवर्ण तास' या शब्दयोजनेने शासन व समाज यांचे मन वळविण्याचे कार्य केले. तिचे यश प्रामुख्याने प्रचाराचे व संघटनेचे आहे.

३. पुढील संशोधनाने घड्याळापेक्षा व्यवस्थेला अधिक भक्कम पुष्टी दिली. योग्य जखमी, योग्य ठिकाणी व योग्य वेळी पोहोचणे या तिन्ही बाबी परस्परावलंबी आहेत.

४. भारतीय कायद्यातील व्याख्या ही रुग्णालयांची श्रेणीरचना व एकत्रित नोंदी यांची जोड मिळाली तरच फलदायी होईल.

काउली यांनी दोन खाटांपासून सुरुवात करून राज्यव्यापी व्यवस्था उभी केली. त्या प्रवासात शास्त्रीय पुराव्याच्या पुढे जाणारे एक विधान त्यांनी केले आणि त्याच विधानामुळे पुरावा गोळा करता येईल अशा संस्था निर्माण झाल्या. त्यांची संज्ञा स्वीकारणाऱ्या देशाने त्या संस्थांकडेही तितकेच लक्ष देणे इतिहासाच्या दृष्टीने सुसंगत ठरेल.