मजल दरमजल, सुरतेकडे

मराठीतला ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’चा वंशज. मूळ अर्थ उतरण्याची जागा. जिथं माणूस जनावरावरून खाली उतरतो, ओझं उतरवतो, ती मंझिल. उर्दू शायरीनं तिला प्रवासाचं अखेरचं ठिकाण करून टाकलं. मराठीनं मात्र जुना अर्थ सांभाळला. ‘मजल दरमजल’ म्हणताना आपण मुक्कामच मोजत असतो. फिकहमध्येही तो जिवंत आहे. हनफी मसलकात तीन मंझिलांचा प्रवास करणारा मुसाफिर ठरतो आणि चार रकातींची फर्ज नमाज दोन रकाती पढतो. आपल्याकडच्या बहुतेक उलेमांनी हे अंतर ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरलं. एका मंझिलेला १६ मैल.

पेट्रोलच्या गाडीनं हा हिशेब विसरायला लावला होता. विजेच्या गाडीनं तो परत आणला. सटाण्याहून चार कुटुंबं चार इलेक्ट्रिक गाड्यांतून सुरतेला निघणार असतील, तर आधी मुक्काम ठरवावे लागतात, मग निघायची वेळ.

ही वाट जुनीच आहे. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा रस्ता सांगतो तो मुक्कामांची यादी देऊनच: बारडोली, व्यारा, नवापूर, पिंपळनेर, नामपूर, मग पुढे दौलताबाद. नामपूर म्हणजे आपल्याच बागलाणातलं. प्रत्येक टप्प्यापुढे कोसांचा आकडा. नवापूरला तो तांदळावर रेंगाळतो. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, वास कस्तुरीचा. इराणात कुणाला नजराणा न्यायचा तर या तांदळाची गोणी न्यावी, असं तो लिहितो. ताशी शंभरच्या वेगानं जाणाऱ्याला हे कसं कळावं!

सुरत तेव्हा ‘बाब-उल-मक्का’ होती, हाजींचं बंदर. अकबराची आत्या गुलबदन बेगम शाही घराण्यातल्या स्त्रियांचा काफिला घेऊन तिथूनच १५७६ मध्ये जहाजावर चढली. त्याआधी पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी त्या बायकांना सुरतेत जवळपास वर्षभर ताटकळावं लागलं.

काफिल्यात जीव सुरक्षित राहतो, पण वेळ जातो. टॅव्हर्नियेनं दहा-बारा हजार बैलांचे बंजारा तांडे पाहिले होते. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला की तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागे. आज चार गाड्या एकाच चार्जरपाशी पोचल्या आणि एकेकीला पाऊण तास धरला, तर शेवटच्या कुटुंबाची पाळी सव्वादोन तासांनी येते. तोवर पोरं रडकुंडीला येतात. म्हणून शहाण्यानं दोन-दोन गाड्या वेगळ्या ठिकाणी लावाव्यात आणि निघताना घरूनच बॅटऱ्या भरून घ्याव्यात. पिंपळनेरच्या अलीकडे सेलबारीचा घाट आहे. चढताना आकडा झपाट्यानं उतरतो, उतारावर थोडा परत मिळतो. बैलाला ही सोय नव्हती.

दाणापाणी कुणी पुरवायचं, हा खरा मुद्दा. शेरशाह सूरीनं ते राज्याचं काम मानलं. त्यानं बांधलेल्या रस्त्यांपैकी एक आग्र्याहून बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या खानदेशाच्या दारापर्यंत येत होता. दर दोन कोसांवर सराई. आत हिंदूंची आणि मुसलमानांची वेगळी व्यवस्था, पाणी, खाट आणि घोड्याला दाणा. १५४५ मध्ये तो वारला. राज्य केलं जेमतेम पाच वर्षं.

महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. १६ मैलांचे किलोमीटर करून पाहा, पावणेसव्वीस येतात. धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात फिकह नसणार, तरी आकडा मंझिलेवरच येऊन टेकला. पण ही सोय महामार्गांपुरती. टॅव्हर्नियेच्या यादीतला नवापूरचा मुक्काम आज सुरत-धुळे महामार्गावर आहे. नामपूर त्या महामार्गापासून बरंच आत राहिलं, आणि तिथल्या माणसालाही सुरतेला जायचं असतं.