परफ्लोरोकार्बन द्रव : एका निष्क्रिय पदार्थवर्गाचा इतिहास

फ्लोरिन हे मूलद्रव्यांत अत्यंत क्रियाशील. परंतु त्याच्याच योगाने अत्यंत निष्क्रिय असे द्रव निर्माण झाले, ही रसायनशास्त्राच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय. आन्री म्वासाँ यांनी १८८६ मध्ये हे मूलद्रव्य मुक्त स्वरूपात मिळविले. तथापि कार्बनाशी त्याचा संयोग घडविताना वारंवार स्फोट होत असल्यामुळे पुढील अर्धशतकात या शाखेची प्रगती मंदच राहिली. पारद संयुगांच्या उपस्थितीत ही क्रिया शांतपणे चालते, असे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजातील जोसेफ सायमन्स व त्यांचे सहकारी ब्लॉक यांना आढळून आले. १९३७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या वेळी या द्रवांना काही उपयोग नव्हता. तो महायुद्धाने निर्माण केला. युरेनियमच्या समस्थानिकांचे पृथक्करण वायुविसरणाने करण्यासाठी युरेनियम हेक्झाफ्लोराइड वापरणे भाग होते, आणि या संयुगापुढे नेहमीची वंगणे टिकत नसत. १९४० च्या सुमारास सायमन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरे यांच्याकडे आपल्याजवळील अल्पसा साठा पाठविला. तो परीक्षेस उतरला व गुप्त व्यवहारात ‘जोचा पदार्थ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे कोबाल्ट ट्रायफ्लोराइडच्या साहाय्याने, तसेच सायमन्स यांच्याच विद्युत्‌रासायनिक पद्धतीने, असे द्रव मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागले.

या निष्क्रियतेचे मूळ रेणूच्या रचनेत आहे. कार्बन व फ्लोरिन यांमधील बंध अतिशय बळकट असून फ्लोरिनच्या अणूंचे आवरण कार्बनच्या साखळीचे रक्षण करते. रेणूंचे परस्पराकर्षण मात्र क्षीण असते. हेक्झेनाचा रेणुभार ८६ व उत्कलनबिंदू ६९ अंश सेल्सिअस आहे. परफ्लोरोहेक्झेनाचा रेणुभार ३३८ असूनही तो सुमारे ५७ अंशांवरच उकळतो. त्याची घनता पाण्याच्या सुमारे पावणेदोन पट आहे. तो जळत नाही, वीज वाहून नेत नाही आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

या आकर्षणक्षीणतेमुळेच वायू अशा द्रवांत सहज सामावतात. साधारण तापमानास व एक वातावरण दाबाखाली १०० घन सेंटिमीटर पाण्यात सुमारे ३ घन सेंटिमीटर ऑक्सिजन विरघळतो. अशा द्रवांत तो ४० हूनही अधिक विरघळू शकतो. १९६६ मध्ये लेलँड क्लार्क व फ्रँक गोलान यांनी ऑक्सिजनयुक्त द्रवात बुडविलेले उंदीर श्वसन करीत जिवंत राहतात, हे दाखविले. त्यातून कृत्रिम रक्ताची आशा उत्पन्न झाली. जपानमध्ये विकसित झालेल्या ‘फ्लुओसोल’ या पायसाला अमेरिकेत १९८९ मध्ये मर्यादित वापरासाठी मान्यता मिळाली. परंतु त्याचा वापर गैरसोयीचा ठरला व १९९४ मध्ये उत्पादन थांबले. नेत्रशल्यक्रियेत मात्र, सुटलेला दृष्टिपटल स्वस्थानी दाबून बसविण्याच्या कामी, या द्रवांच्या जडपणाचा उत्तम उपयोग झाला. १९८५ च्या ‘क्रे-२’ या महासंगणकाची मंडले तर ‘फ्लुओरिनर्ट’ या द्रवातच बुडविलेली होती.

ज्या गुणासाठी हे द्रव हवे होते, त्याच गुणाचा दुसरा परिणाम पुढे प्रत्ययास आला. जो पदार्थ यंत्रात विघटित होत नाही, तो वातावरणातही सहजी विघटित होत नाही. परफ्लोरोहेक्झेनाचे वातावरणातील आयुर्मान सुमारे तीन हजार वर्षे मानले जाते, आणि तो उष्णता रोखून धरणारा प्रबळ वायू ठरतो. १९९७ च्या क्योटो करारात परफ्लोरोकार्बनांचा समावेश झाला. २०२२ मध्ये ‘थ्रीएम’ या ‘फ्लुओरिनर्ट’च्या उत्पादक कंपनीने २०२५ अखेर या व्यापक पदार्थवर्गाचे उत्पादन सोडण्याचे जाहीर केले.

सायमन्स यांच्या काळी टिकाऊपणाची कसोटी यंत्राच्या आयुष्याने लावली जात असे. आता तीच कसोटी पृथ्वीच्या वातावरणाच्या मानाने लावावी लागते. द्रवाचे गुणधर्म बदललेले नाहीत. त्यांचे मोल ठरविण्याचे कालमान बदलले आहे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.